पुढच्या चाकाचे व्हॉबलिंग आणि बुजलेला ब्रीदर : घरी उभ्या केलेल्या एका जुन्या फोर-बाय-फोरचे प्रकरण

१९८० च्या दशकात बनलेली एक फोर-बाय-फोर गाडी मी गेली दोन वर्षे घरच्या शेडमध्ये टप्प्याटप्प्याने उभी करतो आहे. शिडीच्या आकाराची चॅसी, पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे सलग हाउसिंगचे ॲक्सल, गरजेपुरती जोडायची फोर व्हील ड्राइव्ह आणि पुढच्या चाकांवर हाताने फिरवून चाक ॲक्सल शाफ्टशी जोडायचे किंवा त्यापासून सोडवायचे फ्री व्हील हब, अशी तिची साधी आणि भक्कम रचना आहे. इंजिन, वायरिंग आणि तळाच्या पत्र्याचा गंज यांवरही बरेच काम झाले, परंतु त्याविषयी इथे लिहीत नाही. या लेखात फक्त पुढच्या ॲक्सलच्या डाव्या टोकाचे प्रकरण मांडतो, कारण त्यात एक दोष दुसऱ्यामागे आणि दुसरा तिसऱ्यामागे लपलेला होता आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचायला मला ते टोक दोन वेळा उघडावे लागले.

या ॲक्सलच्या टोकाला एक पोकळ गोळा असतो. स्टेअरिंगबरोबर वळणारा नकल त्या गोळ्यावर वर आणि खाली अशा दोन किंगपिन बेअरिंगांच्या आधाराने फिरतो, तर गोळ्याच्या पोटात चाकाला ताकद पोहोचवणारा सीव्ही जॉइंट ग्रीसमध्ये बुडून असतो. लँड रोव्हर, टोयोटा लँड क्रूझर, निसान पेट्रोल आणि सुझुकीच्या एसजे मालिकेतील जुन्या गाड्यांमध्ये थोड्याफार फरकाने हीच रचना सापडते, त्यामुळे माझ्या गाडीचे मॉडेल सांगण्यापेक्षा रचना सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच, की डिफरन्शियलमधले पातळ गिअर ऑइल आणि गोळ्यातले घट्ट ग्रीस यांच्यामध्ये ॲक्सल शाफ्टवर बसणारे एक ऑइल सील असते आणि या दोन वंगणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे दुसरे काहीही तिथे नसते.

तक्रार

ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेगाने जाताना एकच पुढचे चाक खड्ड्यात किंवा पुलाच्या सांध्यावर आदळले, की स्टेअरिंग हातातून निसटेल इतक्या जोराने थरथरू लागे (यालाच व्हॉबलिंग म्हणतात) आणि वेग ३० च्या खाली आणेपर्यंत ते थांबत नसे. ज्याने हा अनुभव घेतला आहे त्याला त्याचे गांभीर्य सांगावे लागत नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गंजक्या ॲक्सलवर एक कोरा करकरीत स्टेअरिंग डॅम्पर बसवलेला होता. म्हणजे ही तक्रार जुनी होती आणि तिच्यावर आधीही कोणीतरी उपाय केला होता. डॅम्परचे काम रस्त्याचे धक्के मंद करणे हे आहे. ढिल्या सांध्याला आवळण्याची शक्ती त्यात नसते. चांगला डॅम्पर बसवला की व्हॉबलिंग काही महिने दबून राहते आणि तेवढ्या काळात मूळ झीज वाढत जाते, म्हणून जुन्या गाडीवर एकुलता एक नवा सुटा भाग दिसला की त्याच्या आसपास आधी तपासावे असे माझे मत झाले आहे.

चाकांचा बॅलन्स करून घेतला. फरक पडला नाही. टायरॉड आणि ड्रॅग लिंकचे एंड घट्ट होते, पाट्यांचे बुश बरे होते, पाट्याच्या टोकाचे शॅकल मूळ लांबीचे होते आणि कॅस्टर कोन, म्हणजे किंगपिनच्या अक्षाचा पुढे-मागे असलेला कल, मॅन्युअलच्या मर्यादेत होता. यानंतर संशय नकलवरच येत होता.

मोजमाप

मागच्या चाकांना उटी लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचलला आणि लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, हे वारंवार सांगितले गेले असले तरी पुन्हा सांगतो. डावे चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवले तेव्हा स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलाई, जाणवला. हा प्ले चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिन बेअरिंगचा, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे : कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवून पाहावे. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो आणि तो तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. धाकट्या भावाने ब्रेक दाबला आणि प्ले किंचित कमी झाला, पण गेला नाही. दोन्ही ठिकाणी झीज होती आणि जास्तीची झीज किंगपिनमध्ये होती.

हाताला जे जाणवते त्याचा आकडा असावा म्हणून टायरॉड सोडवला, नकलच्या आर्मच्या टोकाला ताणकाटा अडकवला आणि नकल हळूहळू ओढून पाहिला. किंगपिन बेअरिंगांवर ठरावीक आवळण ठेवलेले असते, त्याला प्रीलोड म्हणतात. या गाडीच्या मॅन्युअलनुसार नकल फिरवायला ३ ते ६ किलोची ओढ लागायला हवी. डाव्या बाजूला चाक सरळ असताना काटा अर्ध्या किलोवरही जेमतेम पोहोचला, मात्र चाक वळवून ठेवल्यावर ओढ अडीच किलो झाली. उजव्या बाजूचे आकडे अनुक्रमे २ आणि साडेतीन होते.

सरळ रेषेत ढिले आणि वळणावर घट्ट, या फरकातच बेअरिंगची अवस्था दडलेली आहे. किंगपिन बेअरिंग कधीही पूर्ण फेरा फिरत नाही. गाडी बहुतांश वेळ सरळ जाते आणि त्यामुळे तेच रोलर कपच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या) त्याच जागी वर्षानुवर्षे धक्के देत राहतात. गाडीचे वजन खालच्या बेअरिंगवर येत असल्याने तिथे हा मार अधिक असतो. पुढे बेअरिंग बाहेर काढले तेव्हा खालच्या कपच्या आतल्या चकाकत्या पृष्ठभागावर रोलरांच्या अंतराने उमटलेल्या उभ्या रेघा दिसत होत्या आणि त्यावरून नख फिरवले की ते प्रत्येक रेघेत किंचित अडकत होते. चाक सरळ असताना रोलर या खाचांत उतरतात आणि सारे आवळण नाहीसे होते. अशा बेअरिंगवर शिम (आवळण साधण्यासाठी घालायच्या पातळ चकत्या) कमी करून नकल आवळणे हा चुकीचा उपाय आहे, कारण मग वळणावर स्टेअरिंग जड होते आणि सरळ रेषेत, जिथे आवळणाची खरी गरज असते, तिथे ढिलाई तशीच राहते.

पहिली उघडणी

खोलण्याआधीच एक खूण समोर होती. गोळ्याचा खालचा अर्धा भाग काळ्या, ओल्या थराने माखलेला होता. फक्त ग्रीस बाहेर येत असते तर तो थर घट्ट असता. हा थर बोटावरून ओघळत होता आणि त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास होता. डिफरन्शियलचे ऑइल काढले तेव्हा ते पाऊण लिटर कमी भरले आणि भांड्याच्या तळाशी बसलेले शेवटचे ऑइल किंचित दुधाळ दिसले. त्या दुधाळपणाकडे मी तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही. पुढच्या वेळी ओढ्यातून गाडी नेताना जपायला हवे, एवढाच विचार मनात आला आणि मी कामाला लागलो.

ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने चॅसीला टांगला, कारण तो होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटू शकतो. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसली. हबच्या स्टडवर बसलेले शंकूच्या आकाराचे वॉशर बोटांनी निघत नाहीत. स्टडच्या टोकावर पितळी ड्रिफ्ट ठेवून हातोडीचा एकच नेमका ठोका दिला, की ते उडी मारून सैल होतात. लॉकनट, दुमडलेला पत्र्याचा वॉशर आणि आतला नट निघाल्यावर हब हातात आला. पुढे हब ज्यावर फिरतो त्या स्पिंडलचे बोल्ट काढून तो सैल केला, तसा गोळ्याच्या पोटातून राखाडी रंगाचा पातळ रबरबाट ट्रेमध्ये ओतला गेला. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे घट्ट ग्रीस असायला हवे होते. सील गेल्यामुळे गिअर ऑइल आत शिरले होते, त्याने ग्रीस पातळ करून गोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग पुसणाऱ्या वायपर फेल्टच्या वाटे बाहेर वाहून नेले होते आणि किंगपिन बेअरिंगांजवळ वंगण म्हणावे असे जवळपास काही उरले नव्हते.

वरच्या बेअरिंगवर कोरड्या गंजाचे तपकिरी ठिपके होते आणि त्यामागे आणखी एक कारण होते. फ्री व्हील हब मोकळे ठेवून गाडी चालवली की पुढचे ॲक्सल शाफ्ट फिरत नाहीत. ते फिरले तरच सीव्ही जॉइंट ग्रीस घुसळतो आणि वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. या हबची अवस्था पाहता ते कित्येक वर्षे कोणी लॉक केलेले नव्हते. महिन्यातून एकदा तरी हब लॉक करून, ट्रान्स्फर केस (पुढच्या ॲक्सलला ताकद जोडणारी गिअरपेटी) टू व्हीलमध्येच ठेवून, काही किलोमीटर जाणे हा या गाड्यांच्या देखभालीचा भाग आहे. ट्रान्स्फर केस टू व्हीलमध्ये असेल तर डांबरी रस्त्यावर हब लॉक असल्याने काही बिघडत नाही. फोर व्हील जोडून कोरड्या डांबरावर वळणे घेणे मात्र टाळावे, कारण पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेल्या अंतरातला फरक कुठेच सुटत नाही आणि सारा ताण गिअर आणि शाफ्ट यांवर येतो.

सीव्ही जॉइंट धुऊन पाहिला. आल्फ्रेड रझेपा यांनी १९२० च्या दशकात रचलेल्या सहा गोळ्यांच्या जॉइंटचाच तो प्रकार आहे. त्याच्या खोबणींत चकाकी होती, खड्डे नव्हते, म्हणून तो तसाच परत बसवला. किंगपिनची दोन्ही बेअरिंगे कपसहित, चाकाची दोन्ही बेअरिंगे, आतले सील आणि वायपर, एवढे सारे नवे घातले.

शिमांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. वर आणि खाली वेगवेगळ्या जाडीच्या शिमा असतात. त्या काढताना मी दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवून त्यांवर खुणा केल्या. खालची शिम नकलची उंची ठरवते आणि नकल गोळ्याच्या मध्यावर नसेल तर ॲक्सल शाफ्ट सीलच्या एका बाजूला दाबला जातो, म्हणून खालच्या शिमला हात लावला नाही आणि आवळण फक्त वरच्या शिमांनी साधले. मूळ एक मिलिमीटरच्या शिमांवर नव्या बेअरिंगची ओढ २.६ किलो आली. त्यातली ०.२ मिलिमीटरची पातळ शिम काढल्यावर ती ४.८ किलो झाली आणि महत्त्वाचे म्हणजे वळणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा जवळपास त्याच आकड्यावर स्थिर राहिला. हे मोजमाप सील, वायपर आणि टायरॉड बसवण्यापूर्वीच घ्यावे लागते, नाहीतर त्यांचे घर्षण बेअरिंगच्या खात्यावर जमा होते. नकल आर्मचे नट सुमारे ९५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळले. या चार स्टडवर गाडीचे संपूर्ण स्टेअरिंग अवलंबून असते, त्यामुळे इथे अंदाजाला जागा नाही.

गाडी रस्त्यावर काढली आणि व्हॉबलिंग पूर्णपणे थांबले. पुलाच्या त्याच सांध्यावरून मी चार वेळा गेलो.

तीन आठवड्यांनंतर

तिसऱ्या आठवड्यात डाव्या गोळ्याच्या खालच्या कडेला पुन्हा एक ओला थेंब दिसला. तो पुसला, बोटांवर चोळून वास घेतला. गिअर ऑइलच होते. स्टेअरिंगला अजून काहीही जाणवत नव्हते आणि तसे ते पुढची दोन-तीन वर्षे जाणवलेही नसते. पण नवे सील तीन आठवड्यांत गळते याचा अर्थ जुने सीलही केवळ वयामुळे गेलेले नव्हते. मी जे बदलले होते ते परिणाम होते. त्यांचे कारण गाडीतच राहिले होते आणि त्याने नव्या बेअरिंगांचीही हीच गत केली असती.

त्या दिवशी सुमारे ४० किलोमीटरची फेरी करून आलो होतो. थंड होण्याची वाट न पाहता डिफरन्शियलची पातळी बघावी म्हणून भरण्याच्या छिद्राचा बोल्ट अर्धा फेरा सैल केला, तोच फुस्स असा लांब आवाज झाला आणि आट्यांच्या कडेने ऑइलचे बारीक तुषार बाहेर आले. बोल्ट काढून घेतल्यावरही हाउसिंगच्या कोमट धातूवर हात ठेवून मी काही वेळ तसाच बसून होतो. आधीच्या सगळ्या तपासण्या मी सकाळी, ॲक्सल थंड असताना केल्या होत्या आणि थंड हाउसिंगमध्ये हा दाब कधी दिसलाच नसता.

हाउसिंगच्या वरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक ब्रीदर असतो. आतली हवा तापली की तिला बाहेर जाऊ देणे आणि थंड झाली की बाहेरची हवा आत घेणे, एवढेच त्याचे काम. तो काढून नळी लावली आणि तोंडाने जोर लावून फुंकले. हवा तसूभरही गेली नाही. टोपी गंजाने जखडली होती आणि खाली वाळलेल्या चिखलाचा खडा बसला होता. बंद हाउसिंगमधली हवा ३० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसला तापली तर तिचा दाब सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. सीलची पातळ ओठासारखी कड ऑइल थोपवण्यासाठी असते, सततचा दाब पेलण्यासाठी नसते, म्हणून प्रत्येक फेरीत थोडे ऑइल त्या कडेखालून गोळ्यात ढकलले जात होते. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, पोकळी निर्माण होते आणि तीच कड बाहेरचे पाणी आत घेते. भांड्याच्या तळाशी दिसलेल्या दुधाळ ऑइलचा अर्थ मला त्या संध्याकाळी लागला. ती खूण पहिल्याच दिवशी समोर होती.

यानंतर मी मुद्दाम एका वेळी एकच बदल केला. ब्रीदर साफ करून बसवला, गोळा कोरडा पुसला आणि बाकी काही न उघडता दोन आठवडे गाडी चालवली. गळती पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. म्हणजे दाब हे मोठे कारण होते आणि त्याच्या जोडीला आणखी काहीतरी होते. दुसऱ्यांदा उघडल्यावर ते सापडले. ॲक्सल शाफ्टवर जिथे सीलची कड घासते तिथे एक बारीक खाच पडली होती. डोळ्यांना ती केवळ चकाकती रेघ वाटते, पण नख आडवे फिरवले की अडते. मी नवे सील जुन्या सीलच्याच खोलीवर बसवले होते आणि त्यामुळे त्याची कोरी कड नेमकी या खाचेत बसली होती. या हाउसिंगमध्ये सीलच्या बैठकीला थोडी जागा शिल्लक असल्याने दुसरे सील तीन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला बसवले, म्हणजे कड न झिजलेल्या पृष्ठभागावर आली. जिथे अशी जागा नसते तिथे शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवणे हा मार्ग आहे. शाफ्ट आत सारताना तो हाताने उचलून धरला, कारण त्याचे वजन घासत गेले तर नव्या सीलची कड तिथेच कापली जाते.

ब्रीदर पुन्हा चिखलात बुजू नये म्हणून त्याच्या जागी निपल बसवून ऑइल सोसणारी रबरी नळी इंजिन बेच्या मागच्या भिंतीवर उंच नेली आणि तिचे टोक खाली वळवून त्यावर छोटा फिल्टर लावला. नळीत कुठेही झोळ राहू दिला नाही, कारण झोळात ऑइल साचले की नळीही बंद होते. पाटे पूर्ण खाली लोंबतात तेव्हा ॲक्सल किती दूर जातो हे चाक लटकते ठेवून मोजले आणि तेवढी ढील ठेवली. सायलेन्सरच्या पाइपपासून ती लांब बांधली.

निकाल

एक हजार किलोमीटरनंतर टायरॉड पुन्हा सोडवून डाव्या बाजूची ओढ मोजली. सील आणि वायपर जागेवर असल्याने हा आकडा कोऱ्या बेअरिंगच्या आकड्याशी थेट जुळवता येत नाही, परंतु तो सरळ रेषेत आणि वळणावर सारखाच होता आणि तेवढे मला पुरेसे होते. नकल आर्मचा एक नट टॉर्क पान्याखाली सुमारे एक अष्टमांश फेरा फिरला. नव्याने बसवलेले शंकू वॉशर जागा धरताना असे होऊ शकते आणि म्हणून ही फेरतपासणी टाळू नये. डिफरन्शियलच्या ऑइलची पातळी छिद्राच्या कडेला जशीच्या तशी होती, रंग स्वच्छ होता आणि गरम असताना बोल्ट सैल केल्यावर कसलाही आवाज आला नाही. त्यानंतर स्टेअरिंग डॅम्पर पूर्ण काढून, मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत, त्याच सांध्यावरून ताशी ७० किलोमीटरने गाडी नेली. स्टेअरिंगला एक धक्का बसला आणि ते लगेच स्थिर झाले. मगच डॅम्पर परत जोडला.

उजवी बाजूही पुढच्या महिन्यात त्याच क्रमाने उघडली आणि तिथल्या खालच्या कपवर त्याच रेघा, थोड्या फिकट, उमटलेल्या होत्या. मागच्या ॲक्सलला किंगपिन नसते, व्हॉबलिंगही नसते आणि त्यामुळे त्याची तक्रार कधी आलीच नव्हती. तरी एका लांब फेरीनंतर त्याचा बोल्ट गरम असतानाच सैल केला, तेव्हा तिथूनही तोच लांब फुस्स आवाज आला.